सगळ्यात मऊ ब्रश

चिमाजीला हळू बोलता येत नसे. सातपूरच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर त्याचं उभं आयुष्य गेलं. त्या धाडधाडीत कान गेले, आणि कान गेल्यावर आवाज वाढला. माझ्या दुकानात येऊन तो "खोबरेल दे" म्हणाला की समोरच्या बसथांब्यावरची माणसं दचकून वळून बघत. त्याच्या घरात आज भाजी कसली आहे हे अख्ख्या गल्लीला कळे, आणि ती अळणी झाली असेल तर तेही.

माझं सातपूर कॉलनीत कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पावडर, साबण, दाढीचं सामान. चिमाजी माझा शेजारी, माझं गिऱ्हाईक आणि माझ्या डोक्याचा ताप. साधा कंगवा घ्यायचा तरी घासाघीस. "शेठ, मागल्या टायमाला कमी लावला व्हता," हे वाक्य त्यानं देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. तो सिन्नरकडचा आणि मीही तिकडचाच. भाव पाडल्याशिवाय वस्तू आपली झाली असं आम्हाला वाटतच नाही. मी मुद्दाम चढवून सांगायचो, मग उतरवायचो, आणि दोघेही खूश होऊन चहा प्यायचो.

अशा माणसानं एक दिवस येऊन किंमत न विचारता वस्तू मागितली, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"दाढीचा ब्रश दाखव. सगळ्यात मऊ."

माझ्याकडे होते तेवढे सगळे मी काउंटरवर मांडले. त्यानं एकेक उचलला, डोळे मिटले आणि पापणीवरून फिरवला. मला हसू आलं. मी म्हणालो, "अरे, दाढी करायचीय की काजळ घालायचंय?"

"हाताला काय कळंना म्हनून," तो म्हणाला. "हातांचं नुसतं खापर झालंय. गालाचं बी तसंच. पापणी तेवढी जिती हाये."

सगळे ब्रश त्यानं परत सरकवले. एकही त्याच्या मनास येईना. मग तो स्टुलावर बसला, आणि त्याला जमेल तितक्या हळू, म्हणजे आपण ओरडतो तेवढ्या आवाजात म्हणाला, "त्याला आता येवढं थोबाडच राह्यलंय, शेठ. बाकी समदं गेलं. जे काय कळतं ते हितंच कळतं. मग तिथं तरी चांगलं कळू दे की."

'तो' म्हणजे धनराज, चिमाजीचा एकुलता एक मुलगा. तोही कारखान्यातच लागला होता, पण बापासारखा प्रेसवर नाही, कॉम्प्युटरच्या मशीनवर. लग्नाचं बघत होते. शहरातल्या द्वारका चौकात मागून टेम्पोनं त्याची मोटरसायकल उडवली आणि मानेचा मणका गेला. दवाखान्यात डॉक्टर टाचणी टोचत पायापासून वर वर गेले. पायाला नाही, पोटाला नाही, छातीला नाही. हनुवटीला टोचली तेव्हा पोरगं "आई गं" म्हणून कळवळलं, आणि त्याची आई बायडाबाई हसली. पोराला दुखलं म्हणून हसणारी आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढे काही सुधारणा झाली नाही. मानेखालचं सगळं शरीर खाटेवर होतं, पण त्याच्या मालकीचं नव्हतं.

मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्याला पेपर वाचून दाखवायला जायचो. त्या घराची सकाळ ठरलेली होती. आधी बायडाबाई यायची. दोन्ही हात पोराच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची, आलाबला घ्यायची, आणि मग वाकून त्याच्या गालाला आपला गाल लावून थोडा वेळ तशीच राहायची. धनराज डोळे मिटून घ्यायचा. एवढा मोठा बाप्या, पण लाजायचा नाही. मग चिमाजी गरम पाणी आणि वाटी घेऊन बसायचा आणि त्याची दाढी करायचा. स्वतः चिमाजी आयुष्यभर कुठल्याही शिफ्टला दाढी केल्याशिवाय गेला नव्हता. "दाढी वाढली का मानूस आजारी दिसतो," असं त्याचं म्हणणं. आजारी तर पोरगं होतंच, पण ते दिसू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. त्याचा जुना ब्रश मात्र खराटा झाला होता. पडून पडून धनराजची कातडी नाजूक झालेली. तो तक्रार करायचा नाही, पण ब्रश लागला की पापण्या थरथरायच्या. बहिऱ्या माणसाला डोळ्यांनी फार ऐकू येतं. चिमाजीनं ते ऐकलं होतं.

मी चौकशी केली आणि आम्ही दोघे सिटी बसनं कॉलेज रोडला गेलो. दुकान असं चकचकीत की चिमाजी चपला बाहेर काढायला लागला. मी त्याचा दंड धरून आत नेला. त्याला कमी ऐकू येतं हे मी खुणेनं सांगितलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, "गिफ्ट आहे का, काका?"

"व्हय. पोराला."

"वाढदिवस?"

"नाय. रोजच्या दाढीला."

तिनं मखमली डब्यातले ब्रश काढले. चिमाजीनं पुन्हा पापणीचा खेळ सुरू केला. आजूबाजूचे लोक बघायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती मुलगी गुणी. हसली नाही, एकामागून एक ब्रश त्याच्या हातात देत राहिली. शेवटी लाकडी मुठीचा, पांढऱ्या शेंड्यांचा एक ब्रश त्यानं डोळ्यावर धरला आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, झोप लागली की काय.

"शेठ, तू बघ."

मीही त्या भरल्या दुकानात डोळे मिटून उभा राहिलो. मांजरीच्या पिल्लानं पोट टेकवावं तसं काहीतरी पापणीला लागलं. मुलगी म्हणाली, हा बॅजरचा आहे, बाहेरून येतो, खऱ्या केसांचा. किंमत सांगितली तेव्हा मी काउंटरला हात टेकला. चिमाजीनं मात्र मुकाट्यानं पैसे काढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भाव केला नाही. मुलगी म्हणत होती, "काका, यावर डिस्काउंट चालू आहे," ते त्याला ऐकूच गेलं नाही. तिनं काही नोटा परत दिल्या तेव्हा तो घाबरला, ब्रश द्यायचा नाही की काय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडलाच नाही. चिमाजीनं ब्रश कोमट पाण्यात भिजवला, वाटीत फेस केला आणि धनराजच्या गालावर टेकवला. धनराजनं डोळे उघडले. बापाकडे बघितलं. मग मिटले. चिमाजी गोल गोल फिरवत राहिला, गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यापर्यंत, जिथं कळणं संपतं तिथपर्यंत, आणि पुन्हा वर. थोड्या वेळानं त्यानं ब्रश ठेवून रेझर उचलला, तर धनराज म्हणाला, "नाना, अजून."

चिमाजीला ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगितलं, "अजून म्हणतोय!"

जो मुलगा पाणीसुद्धा दुसऱ्यानं विचारल्याशिवाय मागत नव्हता, त्यानं 'अजून' म्हटलं होतं. त्या दिवसापासून दाढी हा त्या घरातला सण झाला. फेस वाळून जायचा, चिमाजी पुन्हा करायचा. बायडाबाई टॉवेल धरून उभी राहायची आणि म्हणायची, "पुरं की आता, सोलून काढता का लेकराला?" पण तिचंही मन भरत नसे. मला आठवतं, त्या दिवसांत चिमाजी माझ्याशी खोबरेल तेलावरून पुन्हा भांडायला लागला होता. मला फार बरं वाटलं होतं.

एकच गोष्ट होती. ओला झाला की ब्रशाला जनावरासारखा किंचित वास यायचा. नवीन असल्या ब्रशांना येतो, जाईल हळूहळू, असं मी सांगितलं. बायडाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कशाचे केस हाये तरी हे?" आम्हाला कुणालाच धड सांगता येईना. आणि नेमका त्याच सुमाराला गावाकडून तिचा भाऊ नवनाथ आला.

नवनाथ बाजरीची गोणी घेऊन आला होता, आणि अक्कलही गोणीभर घेऊन आला होता. हातात मोठा मोबाईल. जगातलं असं काही नाही की ज्यावर तो बोट फिरवून उत्तर काढणार नाही. त्यानं ब्रशाच्या डब्यावरचं 'बॅजर' हे नाव मोबाईलमध्ये घातलं. तोंडावर पांढरे-काळे पट्टे असलेल्या जनावराचा फोटो आला. त्यानं वाचून दाखवलं की हे जमिनीत बीळ उकरून राहतं, याची नखं लांब असतात. मग मान डोलावून म्हणाला, "अक्का, हे तं आपलं मसण्याउद!"

ते तेच जनावर, की त्याचं लांबचं भाऊबंद, की आणखी काही, मला आजही माहीत नाही. नवनाथलाही माहीत नव्हतं. पण बायडाबाईच्या हातातला टॉवेल खाली पडला.

आमच्या भागात मसण्याउदाचं नाव दिवसासुद्धा कुणी घेत नाही. मसणवटीत उकरून पुरलेली पोरं काढतं असं म्हणतात. आणि बायडाबाईच्या बाबतीत ते म्हणण्यापुरतं नव्हतं. धनराजच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच गेली. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, म्हणून चिमाजीनं ओढ्याकाठी पुरली, वर दगड रचले, बाभळीच्या काट्या टाकल्या. सकाळी काट्या एकीकडे होत्या आणि खड्डा उघडा होता. हे तिनं आम्हाला त्या दिवशी सांगितलं, ब्रशाकडे बोट दाखवत, आणि सांगताना तिचा आवाज चिमाजीपेक्षा मोठा झाला.

"माझी एक खाल्ली त्यानं! आन् त्याचे केस तुम्ही ह्याच्या तोंडाला लावता?"

"आगं, ते इलायतीतलं जनावर," चिमाजी ओरडला. "त्याला आपला वढा कुठं ठाव?"

"तिकडं पोरं मरत नसत्याल का?"

चिमाजी हट्टाला पेटला. दुसऱ्या दिवशीही त्यानं तोच ब्रश काढला. मी बायडाबाईला समजावून पाहिलं. कृत्रिम केसांचा दुसरा एक मऊ ब्रश आणून दाखवला, तर त्याच्या डब्यावरचं इंग्रजी बघूनच ती मागे सरकली. "भाऊ, तव्हा बी तुम्ही दोघं मऊच म्हनला व्हता," एवढंच म्हणाली. नवनाथ आग लावून गावाला निघून गेला. बाजरी तेवढी चांगली होती.

मग एका सकाळी मी गेलो तर धनराज जुन्या खराट्यानं दाढी करून घेत होता. गाल लाल झाले होते. चिमाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, "टोचत व्हता म्हने तो. पहिल्यापासूनच टोचत व्हता. माझ्यासाठी बोलला नाय." तेवढ्यात गल्लीत घंटागाडी आली. चिमाजीनं तो लाकडी मुठीचा ब्रश डब्यासकट उचलला, बाहेर गेला आणि कचऱ्यात टाकून आला. परत आल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून वाटी विसळत बसला.

माझा विश्वास बसेना. मी 'अजून' या कानांनी ऐकलं होतं. बायडाबाई आणि चिमाजी स्वयंपाकघरात गेल्यावर मी धनराजला झापलंच. "टोचत होता? माझ्या पापणीला विचार की तो टोचत होता का! का खोटं बोललास रे? बाप बघ कसा झालाय."

धनराज छताकडे बघत होता. तो म्हणाला, "काका, आई जवळ येईना."

मला कळलं नाही.

"ते ऐकल्यापासून तिनं माझ्या तोंडाला हात लावला नाही. सकाळी येते, दारात उभी राहते, लांबून बोटं मोडते. भरवते तेसुद्धा चमचा लांब धरून, तोंड फिरवून. तिच्या मनात असणार, पण हात पुढं होत नाही." तो थांबला. दम लागला की तो थांबायचा. "ब्रश चांगलाच होता. असं वाटायचं की मी सगळाच्या सगळा आहे. पण मला दोनच गोष्टी लागतात, काका, नानांचा ब्रश आणि आईचा गाल. दोन्ही एकत्र राहीनात. मग मी आई ठेवली."

त्यानं मला शपथ घातली. "आईला कळू देऊ नका. तिला वाटेल, तिनंच माझं सुख काढून घेतलं. आणि नानांना तर मुळीच नको. त्यांना सांगितलं म्हणजे तिला सांगितलंच."

त्याच वेळी बायडाबाई पेज घेऊन आत आली. ब्रश गेला, हे तिनं ऐकलं होतं. वाटी खाली ठेवून तिनं दोन्ही हातांनी पोराचे लाल झालेले गाल कुरवाळले, कडाकडा बोटं मोडली, आणि गालाला गाल लावून रडायला लागली. "माझं सोनं ते," म्हणाली. धनराजनं डोळे मिटले. मी पेपर तिथेच ठेवून दुकानात आलो आणि त्या सकाळी बोहनीच्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो.

हिवाळ्यात धनराजच्या छातीत कफ झाला. ज्याला खोकताही येत नाही त्याला कफ फार दिवस जगू देत नाही. दवाखान्यात नेलं, नळ्या घातल्या, आणि एका दुपारी तो गेला. दहावा गंगेवर झाला; इथल्या नदीलाच आम्ही गंगा म्हणतो. चुलत भावांनी डोकी भादरली. बाप मुलाचं सुतक धरतो, पण धाकट्यासाठी मोठा मुंडण करत नाही. चिमाजी घाटाच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पुढे सुतक फिटलं, तरी त्यानं दाढीला हात लावला नाही. पांढरे खुंट वाढून गळ्यापर्यंत आले. आयुष्यात पहिल्यांदा तो आजारी दिसायला लागला.

शेवटी बायडाबाईच त्याला धरून माझ्या दुकानात घेऊन आली. "भाऊ, ह्यांना दाढीची पत्ती द्या आन् तुम्ही तरी सांगा. माझं ऐकत नाय."

मी पत्तीचं पाकीट काढलं. चिमाजीनं ते हातात घेतलं नाही. माझ्याकडे एकटक बघत म्हणाला, "शेठ, तुझ्यासंगं तो बोलायचा. खरं सांग. त्याला तो ब्रश टोचत व्हता का? मंग 'अजून' कशाला म्हनायचा? मला झोप येईना. मी आपला लावत बसायचो, लावत बसायचो. तो टोचून घेत व्हता का रं?"

बायडाबाईही माझ्याकडे बघत होती. तिचा हात त्याच्या दंडावर होता.

नाही, टोचत नव्हता, एवढंच मला म्हणायचं होतं. या माणसानं पोराला सुख दिलं होतं, आणि आपण त्याला छळलं असं समजून तो वाळत चालला होता. पण टोचत नव्हता म्हटलं की पुढचा प्रश्न बायडाबाईचा आला असता, मग त्यानं तो का सोडला? आणि तिला उत्तर माझ्याकडून ऐकावं लागलं नसतं, तिचं तिलाच मिळालं असतं. चिमाजीच्या कानात हळूच सांगावं, तर त्याला कान कुठे होते? त्या दोघांतल्या एकालाच मला वाचवता येत होतं, आणि कुणाला वाचवायचं, हे पोरगं आधीच ठरवून गेलं होतं.

"टोचत होता," मी म्हणालो.

चिमाजीनं कान पुढे केला. "ऑ?"

मला ते पुन्हा सांगावं लागलं, ओरडून. "टोचत होता! तुझं मन मोडू नये म्हणून अजून म्हणायचा!"

चिमाजीनं मान हलवली. हलवतच राहिला. स्टुलावर बसला, आणि त्याच्या तोंडून प्रथमच इतका बारीक आवाज आला की मलाही तो वाकून ऐकावा लागला. "मंग माझंच चुकलं."

बायडाबाई खाली बसली. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले, त्या वाढलेल्या खुंटांवरून हात फिरवला. "तुम्हाला काय ठाव व्हतं?" ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या चांगल्यासाठीच आनला व्हता ना? नका लावून घेऊ जिवाला. त्यानं कव्हाच माफ केलं आसंल तुम्हाला."

मग तिनं माझ्या हातातून पत्तीचं पाकीट घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि नवऱ्याला उठवून घरी घेऊन गेली.